अठ्ठ्याण्णव दिवस कोणीच पडलं नाही

खोटं बोलणारी माणसं मी बावीस वर्षं पाहतेय. डायलिसिसच्या खोलीतली नोकरी म्हणजे दुसरं काय असतं? "पाणी किती प्यायलात?" "घोटभर." काट्यावर उभं केलं की तोच घोट साडेतीन किलोचा निघतो. "मीठ?" "छे, मिठाचं तर मी तोंडही बघत नाही." मी त्यांच्या डोळ्यांत बघते, ते छताकडे बघतात. हे आमचं रोजचंच आहे, त्याचा मला राग नाही. पण गेल्या वर्षी अठ्ठ्याण्णव दिवस आठ जणांनी मिळून मला ज्या शिस्तीत बनवलं, त्याला तोड नाही. आणि बनले कोण, तर मी. जिला सगळे 'मोठ्या सिस्टर' म्हणतात आणि जिच्या नजरेतून म्हणे मुंगीसुद्धा सुटत नाही.

आधी आमची खोली सांगते. दोन भिंतींना आठ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक मशीन, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन आणि दारापाशी वजनकाटा. ज्यांची मूत्रपिंडं संपावर गेलीत अशी आठ माणसं सकाळच्या शिफ्टला येतात, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीन त्यांचं रक्त बाहेर काढतं, धुतं, परत आत घालतं आणि अंगात साठलेलं पाणी ओढून घेतं. मग चार तासांनी माणूस उठायला जातो आणि त्याचं ब्लडप्रेशर खुर्चीतच बसून राहतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय कापसाचे होतात. त्यात कोणाला साखरेमुळे तळव्यांना स्पर्श कळत नाही, आणि हाडं तर सगळ्यांचीच बिस्किटासारखी ठिसूळ. अशी माणसं पडतात. इथे पडतात, घरी पडतात, पायरीवर पडतात, सपाट जमिनीवर काहीही कारण नसताना पडतात. आणि खुबा मोडला की बहुतेक वेळा तो माणूस पहिल्यासारखा परत येत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. आमच्याकडे एक शिंपीआजोबा यायचे. स्वभावाने इतके गरीब की सुई टोचताना तेच मला "सावकाश, घाई नाही" म्हणायचे. आमचा काटा जुना, वीतभर उंच, धरायला काही नाही. त्यावर प्रत्येकाने दोनदा चढायचं, मशीनवर जायच्या आधी आणि नंतर. त्या दिवशी आजोबा नंतरच्या वजनाला चढले, मी वही घेऊन शेजारी उभी होते आणि आकडा उतरवून घेत होते. एकसष्ट पूर्णांक चार. पूर्णांक लिहून झाला आणि आवाज आला. मी वर पाहिलं तेव्हा काट्यावर कोणी नव्हतं. आजोबा महिन्याभरात गेले. त्यांचा चेहरा हल्ली मला नीट आठवत नाही, पण तो आकडा मात्र डोक्यातून जात नाही.

म्हणून ऑफिसातले साहेब ते पत्रक घेऊन आले तेव्हा मी हुरळले. पत्रकात असं होतं की ज्या युनिटचा एकही पेशंट सलग शंभर दिवस पडणार नाही, ना युनिटात, ना घरी, ना रस्त्यात, त्या युनिटला नवा काटा मिळेल. चित्रही होतं. जमिनीला समतल, चढायला पायरीच नाही, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. मी ते चित्र कापून औषधांच्या कपाटावर चिकटवलं. जे पडत नाहीत त्यांनाच धरायला दांडे मिळणार, हा उलटा कारभार आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. पण दांडे डोळ्यांपुढे होते, मी ते डोक्यातून काढून टाकलं.

फळा रंगारीकाकांनी करून दिला. काका चाळीस वर्षं घरं रंगवायचे. तीन-तीन मजली शिड्यांवर आयुष्य गेलं, आणि एकदाही पडले नाहीत, याचा त्यांना इतका अभिमान की ओळख करून देतानाही नावाआधी तेच सांगायचे. आठ नंबरच्या खुर्चीत बसून, एका हातात सुया आणि दुसऱ्या हातात ब्रश, असा त्यांनी दोन बैठकांत फळा रंगवला. निळी पाटी, पिवळी अक्षरं: 'शेवटचं पडणं होऊन झालेले दिवस'. पुढे आकड्याच्या पाट्या अडकवायला दोन खिळे. इतकी देखणी अक्षरं की त्यांच्याकडे बघून पडायलाच लाज वाटावी.

आणि झालंही तसंच.

रोज सकाळी माणूस काट्यावर चढला की मी विचारायचे, "मागच्या खेपेपासून पडलात का? कुठे डोकं आपटलं?" आणि आठच्या आठ जण म्हणायचे, "नाही." मी पाटी बदलायचे. दहा झाले, वीस झाले. चाळिसाव्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की तुमचा मला अभिमान वाटतो. एक नंबरच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मान खाली घातली. मला वाटलं, बाई लाजल्या. चौतीस वर्षं शाळा चालवलेली बाई, ती कशाला लाजतेय, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

संशय घेणारी एकच होती, आमची व्यायामवाली पोरगी. फिजिओथेरपिस्ट. नुकतीच शिकून आलेली, गळ्यात सेकंदाचं घड्याळ, चालणं असं की बुटांना स्प्रिंग लावलीय. ती दर महिन्याला सगळ्यांची परीक्षा घ्यायची. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. किती सेकंद लागतात त्यावरून पडण्याचा धोका कळतो. आमची मंडळी झकास पास होत होती. नऊ सेकंद, दहा सेकंद.

"सिस्टर, हे काही जमत नाही," ती मला म्हणाली.

"काय जमत नाही?"

"तीन महिन्यांत आठ जणांत एकही पडलं नाही, हा हिशोबच जमत नाही. शिवाय मी परीक्षा घेते मशीनवर जायच्या आधी, तेव्हा सगळे ताजे असतात. नंतर घेऊन बघू का?"

"नंतर?" मी म्हटलं. "नंतर आठ खुर्च्या पुसायच्या असतात, दुसरी शिफ्ट दारात उभी असते आणि मला दोनच हात आहेत. तू तुझं घड्याळ बघ, पोरी. माझी माणसं मी ओळखते."

 मी खुशीत होते. खुशीत असलेल्या माणसाला काय काय दिसत नाही ते ऐका. सहा नंबरचे बसड्रायव्हर कपाळ डावीकडे वळवूनच बोलायचे. मुख्याध्यापिकाबाई ऐन उकाड्यात लांब बाह्या घालायच्या. आणि सगळे जण अर्धा तास आधी यायला लागले होते. जी माणसं आयुष्यात कधी वेळेवर आली नाहीत ती आधी येऊन बाहेरच्या बाकावर बसतात, म्हणजे त्यांना आता स्वतःच्या तब्येतीची किंमत कळली, असा मी अर्थ काढला. एवढंच नाही, त्यांचे चेहरेही उजळ दिसायला लागले होते. मी मुख्याध्यापिकाबाईंना विचारलंसुद्धा, "बाई, क्रीम कोणतं लावता हो? मलाही सांगा." बाईंना ठसका लागला तो लागलाच, शेवटी त्यांना घोटभर पाणी द्यावं लागलं, आणि ते मी वहीत लिहिलं.

अठ्ठ्याण्णवावा दिवस उजाडला. आठही जण काट्यावर चढले, आठही जणांनी "नाही" म्हटलं. रंगारीकाका टोपी घालून आले होते. एरवी खोलीत शिरताना टोपी काढणारा माणूस, पण मी म्हटलं, सकाळची हवा गार असेल. सगळे आपापल्या खुर्चीत बसले. माझ्या ट्रेमध्ये आठ सिरिंज भरून तयार होत्या.

त्या सिरिंजबद्दल सांगायलाच हवं, कारण सगळं त्यावरच आहे. रक्त शरीराबाहेर नळीतून फिरतं तेव्हा गोठू नये म्हणून एक औषध द्यावं लागतं. ते दिलं की चार-पाच तास रक्त पातळ राहतं. साध्या माणसाला त्याचं काही नाही. पण ज्याचं डोकं नुकतंच आपटलंय, आत कुठे बारीकशी शीर फुटलीय, त्याला ते दिलं तर आतलं रक्त थांबतच नाही. बाहेरून काही दिसत नाही, माणूस गप्पा मारता मारता झोपतो आणि उठत नाही. म्हणून हे औषध मी कोणाच्या हाती सोपवत नाही, स्वतः देते. आणि म्हणून तर तो प्रश्न विचारायचा असतो, पडलात का, डोकं आपटलं का.

बावीस वर्षं मी तो प्रश्न विचारतेय. तो कशासाठी असतो, हे मी त्यांना कधीही सांगितलं नव्हतं. आणि ते अठ्ठ्याण्णव दिवस तर मी तो हातात पाटी घेऊन विचारत होते. मग त्यांनी काय समजावं?

मी पहिल्या खुर्चीपाशी गेले. "बाई, हात धुतलात?"

"धुतला."

मी सुईच्या जागी कापूस फिरवला. सवयीने जरा वर, कोपरापर्यंत नेला आणि काढून घेतला. कापूस गव्हाळ झाला होता. मी कापसाकडे बघितलं, मग बाईंच्या कोपराकडे. जिथून कापूस फिरला होता तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग होता, आणि डागाच्या कडेने, जिथे कापूस पोचला नव्हता, तिथे बाईंची नितळ कांती होती.

"हे काय आहे?"

"पावडर," बाई म्हणाल्या.

"खालचं विचारतेय मी."

बाईंनी छताकडे पाहिलं. चौतीस वर्षं मुलांना 'माझ्या डोळ्यांत बघून बोल' सांगणारी बाई.  ओल्या कापसाचा मोठा बोळा केला आणि निघाले. दोन नंबरच्या खुर्चीत गुडघा. तीन नंबरला काही नव्हतं, चार नंबरच्या आजीबाईंनी न विचारताच पदर बाजूला करून खांदा पुढे केला. सहा नंबरला बसड्रायव्हरचं कपाळ, भुवईच्या वर चांगला बोटभर ओरखडा.

"तिथे जपून पुसा," आठ नंबरवरून रंगारीकाकांचा आवाज आला. "तिथला रंगाचा हात अजून वाळला नाहीये."

 मग पाच नंबर फिस्सकन हसला, आणि एकाला हसू फुटल्यावर बाकीच्यांना आवरेना. पोटं धरून माणसं हसत होती. दारात ती व्यायामवाली पोरगी उभी होती, तीही तोंडावर हात धरून हसत होती. आणि खरं सांगते, मलाही आतून उकळी फुटत होती, इतकं ते काम बेमालूम होतं. बाईंच्या कोपराची शेड वेगळी, ड्रायव्हरच्या कपाळाची वेगळी, आजींच्या खांद्याची तर वयानुसार जरा फिकट. बाहेरच्या बाकावर अर्धा तास आधी येऊन ही माणसं रंग लावून घेत होती. काकूंची, म्हणजे रंगारीकाकांच्या बायकोची, क्रीम आणि पावडर, त्यात काकांचं चाळीस वर्षांचं कसब.

"का?" मी विचारलं. "असं का केलंत तुम्ही?"

सहा नंबरवरून बसड्रायव्हर म्हणाले, "तुम्हाला तो काटा मिळावा म्हणून, सिस्टर. रोज आम्हाला चढवताना तुमचा चेहरा बघवत नाही आम्हाला."

 मला राग यायला हवा होता आणि तो आलाही, पण तो मी बाजूला ठेवला. मी सिरिंजचा ट्रे उचलून आठ नंबरपाशी गेले. काका हसत होते. टोपी घालून हसत होते.

"टोपी काढा, काका."

"असू दे हो, गार वाटतंय."

"टोपी काढा."

काढली. डोकं स्वच्छ होतं. कानशिलावर काही म्हणजे काही नव्हतं. दुसरी कोणी असती तर फसली असती. मी बोळा फिरवला. एका फेरीत निघालं नाही, तीन थर होते. त्या माणसाने स्वतःवर सगळ्यात मेहनत घेतली होती. खाली चपटं, बोटालाच कळावं असं टेंगूळ होतं, जांभळं.

"कधी?"

"किरकोळ आहे."

"काका, कधी?"

"काल सकाळी." त्यांनी आवाज खाली आणला. "दाढीला गेलो, पायपुसण्यात पाय अडकला. बेसिनची कड लागली. सिस्टर, चाळीस वर्षं शिडीवरून पडलो नाही आणि पायपुसण्यावरून पडलो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? फळ्यावरची अक्षरं माझीच. आणि दोनच दिवस राहिले होते."

मी ट्रे खाली ठेवला.  आठव्या सिरिंजवर मीच सकाळी त्यांच्या खुर्चीचा नंबर लिहिला होता. त्या कोपराचा डाग दोन बोटं वर असता तर मी या खुर्चीपाशी आले असते, विचारलं असतं, ते "नाही" म्हणाले असते आणि मी औषध दिलं असतं. माझ्या हाताने. आणि पुढच्या खेपेला पुन्हा पाटी बदलली असती.

डॉक्टरांना बोलावलं, काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून स्कॅनला पाठवलं. काका जाताना म्हणाले, "एवढ्याशा टेंगळासाठी?"  काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या. हातात ती पावडरची डबी तशीच होती.

"मीच दिली हो," त्या म्हणाल्या. "मला म्हणाले, काही नाही, दोन दिवसांचा प्रश्न आहे. मी आरसा धरला त्यांच्यापुढे. मला काय माहीत, त्या विचारण्यात एवढं असतं?"

"नव्हतं माहीत," मी म्हटलं. "मीच सांगितलं नव्हतं." आणि त्यांच्याशेजारी बाकावर बसले. ड्यूटीवर असताना बाकावर बसायची माझी ती पहिलीच वेळ.

तासाभराने डॉक्टर फिल्म घेऊन आले. डोक्याच्या आत, टेंगळाच्या बरोबर खाली, एक पांढरा ठिपका होता, मसुराच्या डाळीएवढा. ते रक्त होतं. डॉक्टर मोजकं बोलणारे आहेत. ते एवढंच म्हणाले, "आज औषध गेलं असतं तर हा ठिपका राहिला नसता, सिस्टर. पसरला असता." काकूंना त्यांनी बरं वाटेल असं सांगितलं: दोन-तीन आठवडे इथेच ठेवू, रक्त पातळ न करता डायलिसिस करू, ठिपका आपोआप जिरेल. काकूंनी पावडरची डबी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

मी खोलीत परत आले. बाकीचे सात जण डॉक्टरांनी तपासून मशीनवर घेतले होते, ड्रायव्हरना औषधाशिवाय; पळून जायची सोय नव्हती. मी फळ्यासमोर उभी राहिले आणि सांगितलं. औषध म्हणजे काय, डोकं आपटणं म्हणजे काय, तो प्रश्न कशासाठी, ठिपका केवढा. कोणी हसलं नाही. मग मी नऊ आणि आठ या दोन्ही पाट्या काढून खिशात टाकल्या.

"आता एकेकाने सांगायचं," मी म्हटलं. "गेल्या अठ्ठ्याण्णव दिवसांत किती वेळा, कुठे, कधी. मी रागावणार नाही."

"रागावणार नाही म्हणणाऱ्यांचं मला माहीत आहे," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मीही हेच म्हणायचे." पण सुरुवात त्यांनीच केली. तीन वेळा. दोनदा घराच्या पायरीवर, एकदा रिक्षातून उतरताना, तिन्ही वेळा इथून घरी जाताना. ड्रायव्हर चार वेळा. आजीबाई बोटं मोजत बसल्या, शेवटी म्हणाल्या, "पलंगावरून घसरले तेही धरायचं का?" धरलं. पोरगी भराभर लिहून घेत होती. काकांचं धरून सतरा. सतरांपैकी अकरा, मशीनवरून उतरल्यावर पहिल्या दोन तासांत.

"नंतर परीक्षा घ्यायला हवी होती," ती म्हणाली. 'मी म्हटलं होतं' असं नाही म्हणाली, एवढे तिचे उपकार.

"आजपासून घे," मी म्हटलं. "दुसरी शिफ्ट थांबेल दहा मिनिटं."

घेतली. सकाळी नऊ सेकंदांत चालणारे ड्रायव्हर चार तासांनंतर एकवीस सेकंदांत कसेबसे पोचले, तेही आमच्या दोघींच्या हातांच्या मध्ये. त्या दिवसापासून नियम झाला. सुया निघाल्या की लगेच उठायचं नाही. दहा मिनिटं पाय खाली सोडून बसायचं, बसून आणि उभं राहून प्रेशर मोजायचं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुन्हा बसायचं. घरातली पायपुसणी उचलायची. नियम काही जगावेगळे नव्हते, माझ्याच कपाटात छापील पडले होते.

दुपारी साहेबांचा फोन आला. सतरा पडण्यांची यादी मी त्यांना पत्राने कळवली होती, ती पोचली होती. "अहो सिस्टर, सतरा कशाला लिहिलेत? युनिटात तर कोणी पडलं नाही ना? घरचं कोण बघायला जातंय? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

हे वाक्य त्या दिवशी मी दुसऱ्यांदा ऐकत होते. मी म्हटलं, "साहेब, माझ्या माणसांच्या अंगावरचे तीन थर पुसून हा आकडा काढलाय मी. आता पुन्हा रंग लावायचा असेल तर तुम्ही स्वतः ब्रश घेऊन या." आणि फोन ठेवला. नोकरीतली बावीस वर्षं मी त्यांना 'हो साहेब' म्हणत आले होते. फोन ठेवल्यावर मी दोन बिस्किटं खाल्ली आणि मला फार बरं वाटलं.

काटा अर्थातच आम्हाला मिळाला नाही. नदीपलीकडच्या युनिटला मिळाला. त्यांचे शंभर दिवस पूर्ण झाले, एकही पेशंट पडला नाही. तिथे रंगारी कोण आहे, याची चौकशी करा म्हणून मी त्यांच्या सिस्टरना चिठ्ठी पाठवली आहे. थट्टा म्हणून नाही, कापसाचा बोळाही सोबत जोडलाय.

रंगारीकाका तीन आठवड्यांनी परत आले. ठिपका जिरला होता. चाकाच्या खुर्चीत बसून आले, आणि मागून काकू आणि हॉस्पिटलचा सुतार त्यांची शिडी घेऊन आले. लाकडी, घडीची, चाळीस वर्षांच्या रंगाचे शिंतोडे असलेली.

"ही शिडी घरातून घालवा म्हणून आमची ही सहा वर्षं माझ्या मागे लागलीय," काका म्हणाले. "घालवतो म्हटलं. पण भंगारात नाही देणार."

सुताराने घडी मोडून शिडीचे दोन भाग केले आणि काट्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत पक्के बसवले. काकांनी काट्याच्या पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा ओढला, इतका ठळक की चष्मा विसरलेल्यालाही दिसावा. एकच भानगड होती. काट्यावर उभं राहून दांड्याला धरलं तर वजन कमी दिसतं, आणि वजन चुकलं की पाणी किती काढायचं ते चुकतं. म्हणून चढताना धरायचं, मी "सोडा" म्हटलं की एक-दोन-तीन मोजेपर्यंत सोडायचं, आणि परत धरायचं. त्या तीन अंकांत माझे दोन्ही हात मोकळे हवेत. तेव्हा वही मी मुख्याध्यापिकाबाईंकडे दिली. त्या एक नंबरच्या खुर्चीतून आकडा वाचतात आणि लिहितात. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे त्या मला रोज सांगतात.

फळाही काकांनी नवा रंगवला. आता त्यावर 'सांगितलेली पडणी' असं आहे. आकडा वाढला की आम्हाला वाईट वाटत नाही. ऑफिसला वाटतं.

पहिल्या दिवशी पहिले काकाच चढले. स्वतःची शिडी दोन्ही हातांनी धरून, जुन्या सवयीने आधी तिचा पाय हलतोय का ते बघून.

"पडलात का?" मी विचारलं.

 त्यांनी फळ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "परवा. सोफ्यावर बसायला गेलो आणि सोफा नव्हता. डोकं नाही आपटलं. ढुंगण आपटलं."

बावीस वर्षांत कोणाच्या उत्तराने मला इतका आनंद झाला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं तर आलं, मी पुसलं नाही, हात मोकळे ठेवायचे होते. "सोडा," मी म्हटलं. काकांनी दांडे सोडले. एक, दोन, तीन. उजवी पापणी जरा लवत होती, ओठ घट्ट मिटलेले, दाढी करताना हनुवटीखाली एक केस राहून गेला होता. मागून बाईंनी आकडा मोठ्याने वाचला. तो किती होता म्हणून विचाराल, तर मला आठवत नाही.